फायबरच्या दाराला तेल

आमची आक्का कुठलीही वस्तू आधी बोटानं वाजवून बघायची. नारळ, माठ सगळेच वाजवतात. ही भिंत वाजवायची, पत्र्याचा डबा वाजवायची, आणि लहानपणी मी थाप मारली की माझं कपाळही. "पोकळ हाय," म्हणायची. वडिलांची ही थोरली बहीण. आई गेल्यावर मंठाळच्या घरात तिनंच मला वाढवलं.

त्या घराचं बाभळीचं दार वाळवीनं खाल्लं, तेव्हा मी तिला कोळारच्या एका गोदामात घेऊन गेलो. ओळीनं उभ्या दारांवर टकटक करत आक्का निघाली. दुकानदार वैतागला. "आक्का, समदी फायबरचीच हायत. कामून वाजवायलाव?"

"कोण जबाब देतंय बघायलेय मी." शेवटी एका तपकिरी दारापाशी ती थांबली. "हे भरीव हाय."

दुकानदारानं बजावलं, ओल्या फडक्यानं पुसायचं, तेलबिल लावायचं नाही. आक्कानं मान डोलावली आणि पाडव्याला करडीचं तेल घेऊन दारापाशी बसली. जुन्या दाराला ती दर पाडव्याला लावायचीच. तेल वरच राहिलं, त्यावर धूळ बसली, दार चिकट झालं. "लाकूड तेल पितं रे. हे मेलं काय बी पीत न्हाई," ती फुरंगटली. मी हसत साबणाच्या पाण्यानं दार धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. "आज पाडवा हाय की." तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र मला हसू येईना, भीती वाटली.

पुढं गल्लीत तसलीच तपकिरी दारं बसली, पण हलकी, आतून पोकळ. देवळातून येताना आक्का घोटाळायची. एकेक दार वाजवायची, मान हलवून पुढं जायची आणि आपल्या दाराशी बरोबर थांबायची. माझं नाव ती विसरली होती तरी त्या टकटकीवर माझी भिस्त होती. दार ओळखतेय तोवर आक्का आपली आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो.

एका दुपारी टकटक झाली. मी दार उघडलं. आक्का पदर सावरून बाहेरच उभी.

"आक्का हायत का घरात?" तिनं अदबीनं विचारलं.

मी दारातून बाजूला सरलो. "हायत की. या, आत या."

चपला काढून ती आत आली, आणि खुर्चीच्या कडेला अवघडून बसली, आक्काची वाट बघत.