गोळी बंद करायची राहिली

हे मी अजून कोणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, ताईच्या तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही धड सांगता यायचं नाही.

तसं बघितलं तर काय होतं ते? एक खोटं वाक्य. कोणी दगावलं नाही, कोणाचं घर मोडलं नाही. मी बराच काळ स्वतःची अशीच समजूत घालत आलो. मग ते वाक्य अजून जसंच्या तसं का आठवतं?

आई नर्स होती. वडीगोद्रीकडच्या एका उपकेंद्रात तिची सगळी नोकरी गेली. कोणत्या घरच्या लेकराचा गोवराचा डोस राहिलाय, कोणत्या बाईला कितवा महिना, हे ती रजिस्टर न उघडता सांगायची. रिटायर होऊन आमच्याकडे नवीन जालन्यात राहायला आली, तरी गल्लीतल्या सुना बाळांचं विचारायला तिच्याकडेच यायच्या. तिने त्याचा तोरा कधी मिरवला नाही. फक्त उत्तर देताना जरा ताठ बसायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. सोनोग्राफीत स्वादुपिंडावर गाठ दिसली. जालन्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथे म्हणाले, टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण तोंडातून पोटात घालू, गाठ आतून बघू आणि सुईने तिच्यातला नमुना घेऊ. तयारीचा कागद माझ्या हातात दिला. रात्रीपासून उपाशी राहायचं, कवळी काढायची, सोबत घरचं माणूस हवं. आणि आईच्या हृदयात स्टेंट होता, म्हणून तिची रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद. हृदयाच्या डॉक्टरांचा होकारही त्यांनीच घेतला होता.

मी तो कागद वाचला नाही. मराठीतच होता. घडी घालून फाइलमध्ये सरकवला. मी बियाण्याच्या कंपनीत कामाला, पेरणीचे दिवस, फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती — पण वाचायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं.

आणि आईने विचारलं होतं. इथेच मला थांबायला होतं. तिने विचारलं होतं. रविवारी मी नेहमीसारख्या तिच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होतो. ती म्हणाली, "ती रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवावं लागती ना रे? सुई घालणार हायेत."

मी मान वर न करता म्हणालो, "तसं काही सांगितलं न्हाई." आणि गोळ्या डबीत टाकल्या.

शनिवारी सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. अंबडहून ताई परस्पर आली होती. आईला हिरवा गाऊन घातला, कवळी एका वाटीत काढून ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधी बंद केली?" आई म्हणाली, "चालूच हाये. काल बी घेतली." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुई घातल्यावर रक्त थांबलं नाही तर काय, म्हणाले. आज होणार नाही.

ताईने माझ्याकडे बघितलं. आठवड्यापूर्वीच ती फोनवर म्हणाली होती — तुला जमत नसलं तर मी येते. ते मला लागलं होतं. आईचं सगळं मीच बघतो, हे मी नातेवाइकांत सांगत फिरायचो ना.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं तिला. विसरली असंल."

झालं. एवढंच.

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — घरात ठेवलेली वस्तू जागेवर सापडली नाही की माणूस बघतं, तसं. ताई तिला बोलायला लागली. एवढी नर्स तू, अन् एवढं ध्यानात न्हाई? कवळी नसलेल्या तोंडाने आई हळूच म्हणाली, "आसंल. म्हातारपण हाये."

मला वाटलं, तिने मला सांभाळून घेतलं. लेकाची चूक पदराखाली घेतली. वाईट वाटलं, पण खरं सांगू? बरंही वाटलं.

तपासणी आठवडाभर पुढे गेली. ताई आमच्याकडेच राहिली आणि गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या ताब्यात घेतली. तिसऱ्या दिवशी ताई आंघोळीला गेलेली असताना आईने मला जवळ बोलावलं. "तू मला कोणत्या दिवशी सांगितल्तं रे?"

तेव्हा कळलं. ती मला सांभाळत नव्हती. ती खरंच आठवून बघत होती. तीन दिवस.

तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सोमवारी. तू भाजी निवडून राह्यली होतीस."

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "हां. मेथी होती."

घरात त्या आठवड्यात मेथी आलीच नव्हती.

पुढच्या शनिवारी तपासणी झाली. घशात बधिर करायचा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. मी बाहेर बाकावर. पाऊण तासाने आत बोलावलं. तिचे ओठ सुकले होते, आवाज बसला होता. शुद्धीवर येता येता तिने विचारलं, "मी सकाळी काही खाल्लं न्हाई ना? तू बघितलं ना बराबर?" दुखतंय का, गाठ कसली निघाली — यातलं काहीच नाही.

गाठ साधी निघाली, पाण्याची. ताईने जिलेबी आणली. आईनेही एक खाल्ली.

पण त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट विचारायला लागली. मी चहा घेतला का? दार लावलं का? कॅलेंडरवर बारीक अक्षरात लिहून ठेवायची, आणि लिहिलेलंही मला दाखवून खात्री करून घ्यायची. एकदा शेजारची सून बाळाला घेऊन आली, दीड महिन्याच्या डोसचं विचारायला. आई म्हणाली, "मला नको विचारू बाई. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. दवाखान्यात विचार." मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. सून गेली. मी पान उलटलं. परत कोणी तिला काही विचारायला आलं नाही.

ती आणखी तीन वर्षं जगली. तिची आठवण शाबूत होती — मी पारखलं आहे, म्हणून सांगतो. माझ्या शाळेतल्या मास्तरांची नावं, उपकेंद्रातल्या बायांची बाळंतपणं, सगळं. फक्त सांगून झालं की म्हणायची, "आसंच असंल असं न्हाई."

मागच्या साली ती हृदयविकाराने गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ताई बोलायला उभी राहिली. म्हणाली, आईने हजारो लेकरांचे डोस तोंडपाठ ठेवले, पण शेवटी शेवटी तिचा विसराळूपणा फार वाढला होता. "भाऊला विचारा, त्यानेच सांभाळलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.