आप्पासाहेबांनी वाचलेला कागद

पहाटे पाच वाजता माझे थोरले दीर आप्पासाहेब बोलेरो घेऊन आमच्या दारात येतील, दोनदा हॉर्न वाजवतील, आणि माझ्या दहा वर्षांच्या दिशाला पुढच्या सीटवर बसवून पुण्याच्या वाटेला लागतील. या माणसाला डाव्या डोळ्याने काही दिसत नाही. रात्रीच्या जेवणानंतर मला हे कळलं. तेव्हापासून मी भांडी घासली, ओटा दोनदा पुसला, दिशाचे मोजे शोधले, पण ही गोष्ट काही केल्या डोक्यातून निघत नाही. झोप येणार नाही हे नक्की, म्हणून लिहायला बसले आहे.

आप्पासाहेब हे नाव ऐकून कोणाला वाटेल, बडी असामी असणार. आमच्या नगर जिल्ह्यात बारशालाच पोराच्या नावाला साहेब जोडून टाकतात, म्हणजे पुढे त्याने काही केलं नाही तरी अडत नाही. यांनी केलं ते एवढंच, की गावच्या सोसायटीत एक टर्म संचालक झाले. त्याला अकरा वर्षं झाली. गाडीच्या मागच्या काचेवर ‘माजी संचालक’ अजून आहे. वय अठ्ठावन्न. नेवाशापासून नऊ किलोमीटरवर त्यांची वस्ती, चौदा एकर ऊस, आणि सतत पाहुणे. आम्ही दिशाच्या शाळेसाठी नेवाशात खोल्या घेऊन राहतो. माझे यजमान प्रशांत सुप्याच्या कारखान्यात आहेत, आठवड्यातून एकदा घरी येतात.

गावात काहीही असलं की उद्घाटनाला आप्पासाहेब. मागच्या वर्षी डोळ्यांचं शिबिर होतं. नारळ यांनीच फोडला. मग पंचवीस मिनिटं भाषण. “डोळा हा मानसाचा खरा दागिना हाय. लाजू नका, तपासून घ्या!” त्या दिवशी अठ्ठेचाळीस म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासले गेले. उद्घाटकांचे तेवढे राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आप्पा, तुम्ही पण बसा ना.” त्यावर त्यांचे चुलतभाऊ सूर्यभान, जे त्यांच्या सावलीपेक्षा जास्त वेळ त्यांच्याबरोबर असतात, मध्येच म्हणाले, “ओ मॅडम, आप्पांची नजर घारीची हाय!” आप्पा हसले, गळ्यातला हार काढून सूर्यभानरावांच्या हातात दिला आणि जेवायला गेले.

ही घार दोन महिन्यांपूर्वी वस्तीच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा गाडीची डावी बाजू खांबाला घासून आली. वीस वर्षांपासून तो खांब तिथेच उभा आहे. आप्पांनी तो पाडून टाकला. म्हणे गवंड्याने चुकीच्या जागी बांधला होता. आम्ही सगळे मान डोलावत बसलो. मीसुद्धा.

आता सहलीचं सांगते. दसऱ्याच्या सुट्टीत दिशा आठ दिवस वस्तीवर राहून आली आणि आल्या आल्या म्हणाली, “आप्पा आपल्याला पुण्याचं विज्ञान केंद्र दाखवणार आहेत!” मला आश्चर्य वाटलं. आजवर आप्पांनी आम्हाला दाखवलेल्या ठिकाणांत देव नाही असं एकही ठिकाण नाही. आणि हे केंद्र तर वेगळंच. एरवी संग्रहालयात ‘हात लावू नये’ अशा पाट्या असतात, इथे सगळं हात लावूनच बघायचं. भिंतीवर सावली चिकटून राहते आणि आपण बाजूला होतो. खोलीच्या एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. दिशाने वहीत यादीच केली, सतरा गोष्टींची. आप्पा मात्र तिकिटाचं ऐकून म्हणाले, “हात लावायचे पैशे? आमच्या ट्रॅक्टरला हात लावा की फुकट.”

गेल्या बुधवारी ठरवाठरवीसाठी आम्ही मायलेकी वस्तीवर गेलो. पडवीत आप्पा, सूर्यभानराव, माझ्या जाऊबाई जया, म्हणजे दिशाची मोठी आई. मी म्हटलं, “शनिवारी जाऊ या. शाळा बुडणार नाही, यांनाही सुट्टी मिळेल.”

“सोमवारी,” आप्पा म्हणाले. “सोमवारी मोकळं असतंय.”

“काय मोकळं असतं?”

“अगं, औत नसतं ना सोमवारी,” जाऊबाई म्हणाल्या.

“ताई, औत आहे कुठे आपलं?”

आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. चांगली रीत आहे, बैलाने तरी एक दिवस बसावं. पण या घरातले बैल विकून आता अकरा वर्षं झाली, ट्रॅक्टर सोमवारी खुशाल चालतो, आणि तरी घरातलं लग्न, साखरपुडा, दवाखाना, कोर्ट, सगळं सोमवारीच. मला बघायलाही हे लोक सोमवारीच आले होते. बैल गेले, त्यांची रजा मागे राहिली आणि ती माणसं उपभोगतायत.

मी पर्समधून कागद काढला. केंद्राची सगळी माहिती झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणली होती. पत्ता, वेळ, तिकीट. तिसऱ्या ओळीत ठळक लिहिलेलं, दर सोमवारी बंद. म्हटलं, माझं ऐकत नाहीत, छापलेलं तरी ऐकतील.

आप्पांनी कागद घेतला. हातभर लांब धरला. मग नाकाजवळ आणला. मग उजेडाकडे तिरपा केला. पडवीत सगळ्यांच्या नजरा त्यांच्या तोंडाकडे, जणू निकाल वाचला जातोय.

“झ्याक हाय,” ते म्हणाले. “सगळं बघितलं. सोमवार पक्का.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. “आप्पा, वाराचं काय लिहिलंय ते वाचलंत का?”

“वाचलं की. सोमवार. बराबर हाय.”

“आप्पांनी वाचलं म्हंजी कलेक्टरची सही झाली,” सूर्यभानराव म्हणाले. आप्पांनी कागदाच्या चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. मग कोणी तो मागितला नाही. मागत नाहीतच. या घराण्यात थोरल्याने वाचलेला कागद धाकट्याने पुन्हा वाचायचा नसतो, तो अविश्वास होतो. सूर्यभानरावांनी तर आयुष्यात किती कागदांवर अशा अंगठ्यासारख्या सह्या ठोकल्यात, त्यांनाच माहीत. चांगले दहावी झालेले आहेत.

खरं म्हणजे तेव्हाच मी मोठ्याने वाचून दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. मला वाटलं, हा माज आहे. बंद असलं तरी यांच्यासाठी उघडतील असं यांना वाटतंय. म्हटलं, जाऊ दे. पावणेदोनशे किलोमीटर जाऊन बंद फाटकासमोर उभे राहू दे, सूर्यभानरावांना पुढे करून वॉचमनला ‘ओ, संचालक आलेत’ म्हणू दे. दिशाचा हिरमोड होणार हे कळत होतं, तिला नंतर मी एकटी घेऊन जाईन असं मनाशी ठरवलं. चार दिवस मी त्या बंद फाटकाची अगदी चवीने वाट बघत होते. शिकलेल्या बाईचा सूड असा असतो, घरबसल्या.

आज रात्री जेवणं झाल्यावर दिशाची बॅग भरत होते.

“आई, मी पुढेच बसणार हं.”

“पुढे मोठी आई बसेल. त्यांना मागे मळमळतं.”

“मग आप्पांना डावीकडचं कोण सांगणार?”

“डावीकडचं काय?”

“म्हशी, मोटारसायकली, उसाच्या ट्रॉल्या. त्यांना त्या बाजूचं दिसत नाही ना. मी म्हणते, आप्पा, डावीकडून बाई, मग ते हळू करतात.” आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

मी तिला जवळ घेतलं, रागावले नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या सुट्टीत तिने आप्पांना शाळेच्या पुस्तकातला प्रयोग करायला लावला होता. एक डोळा झाकायचा आणि हात लांब करून दोन पेनांची टोकं एकमेकांना लावायची. डावा डोळा झाकून आप्पांना जरा जरा जमलं. मग दिशाने त्यांचा उजवा डोळा झाकला.

“तर म्हणाले, लाईट गेली काय गं? मी म्हटलं, आप्पा, दुपार आहे!” हे सांगताना ती हसली. तिला ती गंमतच वाटत होती. “मग म्हणाले, कुनाला सांगू नगं. आजपासनं तू माझी क्लीनर. तुला पुन्याचं म्युझियम दावतो.”

म्हणजे सहल यासाठी. दहा वर्षांच्या पोरीचं तोंड बंद ठेवायला. गावभर डोळ्यांचा दागिना मिरवणाऱ्या माणसाने माझी मुलगी स्वतःचा डावा डोळा म्हणून सीटवर बसवली, आणि दोन महिने कधीमधी ती त्याच गाडीतून शाळेतून घरी येत होती आणि मी ‘बरं झालं बाई, आप्पा आले’ म्हणत राहिले. एकदा तरी तिचं लक्ष खिडकीबाहेरच्या पतंगाकडे गेलं असेल. एकदा तरी तिला डुलकी आली असेल. मी ते मोजायला लागले आणि मला मोजवेना. आणि बुधवारचा तो कागद, तो माज नव्हताच, उजव्या डोळ्यालाही अक्षरं धड लागत नसणार.

दहाच्या सुमारास प्रशांतना फोन केला. उद्या त्यांना सुप्याच्या चौकात गाडीत घ्यायचं ठरलं आहे. सगळं सांगितलं.

“अगं, पण दादांना कोण सांगणार?”

“तुम्ही. तुमचे भाऊ आहेत.”

“पस्तीस वर्षं चालवतात ते गाडी. सवयीचा रस्ता आहे. हळू चालवतील. तू असं कर, तूच पुढे बस आणि लक्ष ठेव.”

म्हणजे क्लीनर बदलायचा, बस. इंजिनीअर आहेत माझे यजमान. कारखान्यात मशीनचा एक सेन्सर बंद पडला की लाईन थांबवतात, वरचे साहेब ओरडले तरी चालू करत नाहीत. घरी आले की त्यांच्यातला इंजिनीअर सुप्यालाच राहतो.

केंद्र सोमवारी बंद असतं, एवढंच सांगून सुटावं, असंही मनात आलं. पण मी या लोकांना ओळखते. म्हणतील, बरं, मग रांजणगावचा गणपती करू, पुढे आळंदी करू, निघायचं ठरलंय ना. गाडी निघणारच. नोव्हेंबर संपत आलाय, गाळप सुरू आहे, पहाटे धुकं, आणि नगरपर्यंत उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ज्यांच्या मागे ना दिवा ना लाल कापड.

आणि या सगळ्यात मला एक गोष्ट आडवी येते, तीही लिहिते. दिशाच्या वेळी दिवस भरायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. प्रशांत सुप्याला. मध्यरात्री याच माणसाने मला तासाभरात नगरच्या दवाखान्यात पोहोचवलं, आणि दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत आला नाही, भावजयीच्या खोलीत कसं यायचं म्हणून. चहा आणि बिस्किटांवर दोन दिवस. तेव्हापासून त्यांच्यासमोर माझी जीभ उचलत नाही. घरात सगळ्यांचंच असं आहे. प्रशांतची फी त्यांनी भरली, सूर्यभानरावांची विहीर त्यांनी खणून दिली. उपकाराने माणसं अशी गप्प होतात, की उपकार करणाऱ्याला पुढे खड्डा आहे हेसुद्धा कोणी सांगत नाही. मग त्याला वाटतं, रस्ता सपाटच आहे.

कदाचित त्यांना भीतीही वाटत असेल. मोतीबिंदू असेल, साधं अर्ध्या तासाचं काम. आणखी काही असेल, ज्याला वेळ लावून चालत नाही. ते कळण्यापेक्षा खांब पाडणं सोपं. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण त्यांच्या भीतीची राखण माझ्या मुलीने करायची, हे मला मान्य नाही.

पावणेबारा होतायत. चारला फोन केला तर सूर्यभानराव गाडी पुसत शेजारी उभे असतील, जाऊबाई डबे चढवत असतील. चार माणसांत आप्पा कबूल करणार नाहीत, उलट आणखी जोरात गाडी काढतील. आता फोन केला तर झोपेतून उठून रेंजसाठी अंगणात येतील, एकटे असतील. एकट्या माणसाला खरं ऐकायला जरा सोपं जातं.

काय बोलायचं ते ठरवलंय. दिशाचं नाव घेणार नाही. म्हणेन, आप्पा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही हे माझ्या लक्षात आलंय. उद्या दिशा येणार नाही, मीही नाही, आणि तुम्ही गाडी काढायची नाही. काढलीत तर मी सगळ्यांना सांगेन. मंगळवारी नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, एसटीने, मी येते तुमच्याबरोबर. चिडतील. ‘घरातली बाई मला शिकवनार?’ म्हणतील. महिनाभर या घराची पायरी चढणार नाहीत. नाही चढले तर नाही.

फोन चार्जिंगला आहे. काढते आणि लावते.