परीक्षेच्या दिवशी लावलेली कडी

शाळेतून निवृत्त झाल्यावर ड्रिलबाई आता घरी बसतील, असं त्यांच्या सुनेला वाटलं होतं. बसल्या असत्या तर त्या ड्रिलबाई कसल्या! त्यांनी वाचनालयाच्या माडीवर बायकांना स्वतःचा जीव वाचवायला शिकवण्याचा वर्ग काढला. समोरच्याचं तोंड नाही, हात बघा. सुरा दिसला तर हिसकावायला जाऊ नका, सिनेमातल्या नट्यांना त्याचे पैसे मिळतात. मध्ये खुर्ची धरा, मागच्या दाराने निसटा, बाहेरून कडी लावा, पोलिसांना फोन करा. शेवटच्या आठवड्यात परीक्षा असे. न सांगता एखादा अनोळखी माणूस रबरी सुरा घेऊन आत शिरायचा आणि बाई कोपऱ्यात बसून पेन्सिलीने गुण मांडायच्या.

त्या गुरुवारी आलेला माणूस मात्र बाईंनी बोलावलेला नव्हता.

"माझ्या बायकोला कुठे लपवलंय?" म्हणत त्याने शर्टाखालून सुरा काढला. त्याची बायको बाईंच्या आधीच्या वर्गात शिकलेली, महिन्यापूर्वी घर सोडून गेलेली. सुरा रबरी नव्हता. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. वर्गातल्या सातही जणींनी मात्र एकमेकींना कोपरखळ्या मारल्या, आली परीक्षा म्हणून.

ओरडून खरं सांगावं, असं बाईंना क्षणभर वाटलं. पण खरं कळलं की पाय कसे जागीच थिजतात, हे त्यांनी उभ्या जन्मात पुष्कळ पाहिलं होतं. त्यांनी परीक्षाच चालू ठेवली. सहा जणी हसू दाबत मागच्या दाराने निसटल्या. सातवी, शिवणकाम करणाऱ्या काकू. त्यांना पैकीच्या पैकी गुण हवे होते. हात पुढे करून त्या सरळ सुऱ्याकडे निघाल्या.

"काकू, हात लावलात तर नापास," बाई जमेल तितक्या रोजच्या आवाजात म्हणाल्या.

काकू हिरमुसल्या आणि बाहेर गेल्या. बाईंनी खुर्ची पुढे धरली, मागे सरकत सरकत दार गाठलं, तोच पलीकडून कडी बसली. अगदी शिकवल्याबरहुकूम. परीक्षेत बाई आतच राहायच्या, मग त्यांच्यासाठी दार कोण उघडं ठेवणार? त्याने खुर्चीचा पाय पकडला. एवढं मन लावून शिकवल्याचा बाईंना जन्मात पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

खुर्ची हातातून सुटली आणि त्याच क्षणी कडी निघाली. कुणीतरी दंड धरून बाईंना बाहेर ओढलं, कडी पुन्हा बसली. तोवर बाकीच्यांनी पुढच्या दारालाही बाहेरून कडी घालून पोलिसांना फोन केला होता. तो आतून दारावर लाथा घालू लागला, ते पोलीस येईपर्यंत.

बाई पायरीवरच बसल्या. "कडी का काढलीत काकू? मी असं शिकवलं नव्हतं."

"दाराच्या काचेतून बघितलं. परीक्षेत तुमच्या हातात पेन्सिल असते, आज खुर्ची होती," काकू म्हणाल्या. "तुम्हीच म्हणता ना, हात बघा."

बाई सगळ्यांच्या देखत रडल्या. पुढच्या वर्गापासून त्या आधी एकच गोष्ट शिकवतात. कडी लावण्यापूर्वी माणसं मोजायची, बाईंना धरून.