मागच्या रेषेवरची शिट्टी

बास्केटबॉलमध्ये बाहेरून बॉल आत टाकण्याला थ्रो-इन म्हणतात. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तिच्याबद्दल जितकी माणसं तितके नियम आहेत, आणि सगळे छातीठोकपणे सांगितले जातात. कोणी म्हणतं, रेषेला अंगठा लागला की बॉल गेला. कोणी म्हणतं, उडी मारायची नाही. एका पालकांनी मला मेहकरच्या बसस्टँडवर थांबवून सांगितलं होतं की बॉल दोन्ही हातांनी, डोक्यावरूनच टाकावा लागतो. ते फुटबॉलमध्ये, म्हटलं. "बॉल तं बॉलच ना मॅडम," ते म्हणाले. तेव्हा मी हसले होते. आता असलं काही ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी मेहकरच्या एका शाळेत खेळ शिकवते. थ्रो-इनचा नियम मी मुलींना ग्राउंडवर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारून, उभं करून, पळवून शिकवते. बॉल बाहेर गेला तर पंच दाखवेल त्या जागेवरूनच टाकायचा, तिथे बाजूला सरकायला जेमतेम एक मीटर मिळतो. पण समोरच्या टीमने बास्केट केल्यावर मागच्या रेषेबाहेरून बॉल टाकताना ही अट नाही. त्या रेषेमागे या टोकापासून त्या टोकापर्यंत पळा, कोणी अडवत नाही. फक्त पाच सेकंदांत बॉल हातातून सुटला पाहिजे आणि तोवर पाय मैदानात पडता कामा नये. रेषेला लागला तर लागू दे, रेषा मैदानात धरत नाहीत.

टीममध्ये दहावीतली एक मुलगी होती. उंची बेताची, पण पळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी भाजीपाल्याची शेती. वडील रोज वांगी-कोथिंबीर घेऊन बाजारात यायचे आणि येताजाता मला एकच विचारायचे, "याचं पुढं काय होते मॅडम?" शेवटी त्यांनीच तोड काढली. जिल्ह्याला जिंकून विभागाच्या स्पर्धेला गेली, तर कॉलेजातही खेळू देईन. नाही गेली तर बाहेरगावचं खेळणं बंद. मी हो म्हटलं, कारण मला तिच्या पायांवर भरवसा होता.

जिल्ह्याची फायनल बुलढाण्याला होती. आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. वडील मोटरसायकलवर आले, आयुष्यात पहिल्यांदा बास्केटबॉलची मॅच बघायला, इस्त्रीचा शर्ट घालून. पंच होते दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेचे एक सर. हयात व्हॉलीबॉलमध्ये गेलेली. आमच्याकडे हे असंच चालतं. बास्केटबॉलचा पंच मिळाला नाही की ज्याच्या गळ्यात शिट्टी असेल त्याला उभं करायचं, आणि त्यानेही नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलं तर आपल्याला येत नाही असं दिसतं. सर दिवसभर पाच सेकंदांऐवजी आठ मोजत होते, व्हॉलीबॉलच्या सर्व्हिससारखे. मी एकदा जाऊन सांगितलं. "बरोबर आहे मॅडम, पाहतो," म्हणाले, आणि पुन्हा आठ.

शेवटचे सहा सेकंद उरले होते आणि आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. समोरच्यांनी बास्केट केली. आता आम्ही एकने मागे. घड्याळ थांबलेलं. दहावीतल्या त्या मुलीने बॉल उचलला आणि मागच्या रेषेबाहेर गेली. समोर एक उंच पोरगी हात पसरून उभी. मी बाहेरून ओरडले, "पळ!" ती रेषेमागे उजवीकडे चार-पाच पावलं पळाली, ती उंच पोरगी मागे राहिली, आणि आमच्या मुलीने मैदानाच्या मधोमध लांब पास टाकला. आमची दुसरी मुलगी एकटी होती. तिने बॉल घेतला, वळली, पुढे कोणीही नाही.

शिट्टी वाजली.

सरांनी हात वर करून खेळ थांबवला आणि पास टाकणाऱ्या मुलीच्या पायांकडे बोट दाखवलं. "जागा सोडली!" बॉल समोरच्या टीमला दिला. उरलेले सेकंद त्यांनी बॉल दाबून धरला आणि मॅच संपली.

मी भांडले. चांगली भांडले, आवाज चढवून. स्कोअरच्या टेबलापाशी बसलेले म्हणाले, पंचांचा निर्णय अंतिम. मुलगी रेषेमागेच उभी होती, ओठ दाबून. टीममधल्या दोघी तिला म्हणाल्या, "तुले जाग्यावर उभं राह्यता नाही येत काय वं?" त्यांनाही मीच शिकवलेलं, तरीसुद्धा. एका शिट्टीने माझी सगळी शिकवण पुसली.

मी तिला घेऊन वडिलांकडे गेले. नियम सांगितला. पळ म्हणून मीच ओरडले होते हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मले त्यातलं नाही समजत मॅडम. पण शिट्टी वाजली म्हंजे काहीतरी चुकलंच असन ना?"

"नाही चुकलं. पंचांचं चुकलं."

"तुम्ही तिच्या मॅडम हायेत, तुम्ही असंच म्हणान. शिट्टीवाल्यानं म्हटलं तं गोष्ट येगळी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्या माणसाचं काही खोटं नव्हतं, त्याला कोणावर विश्वास ठेवायचा हे आपणच शिकवलंय. मी तशीच सरांकडे गेले. ते मंडपात चहा पीत बसले होते. मी मोबाइलवर नियमांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"अरे, हाव. असं हाये काय? हे मले माहीतच नव्हतं," ते म्हणाले. अगदी मोकळेपणाने, जणू मी त्यांना बसची बदललेली वेळ सांगितली होती. "पण आता मॅच तं झाली ना मॅडम. निकाल काही बदलत नाही."

"निकाल राहू द्या सर. ते तिथे तिचे वडील उभे आहेत. वीस पावलं चला आणि एवढंच सांगा, पोरीचं चुकलं नव्हतं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "चार लोकांत असं म्हटलं तं उद्या माह्या शिट्टीले कोण मानन? आन पोरीचं काय, उद्या विसरून जाईन ती. तुम्ही लेडीज लोक लय मनावर घेता."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एका बाईने असं बोलावं याचं मंडपात सगळ्यांना वाईट वाटलं. मुलीबद्दल कोणाला काही वाटलं नाही. मी बाहेर आले तेव्हा ती वडिलांच्या मागे मोटरसायकलवर बसली होती. निघताना मला म्हणाली, "मॅडम, माहीच चूक झाली. सॉरी."

बाहेरगावचं खेळणं बंद झालं. मी दोनदा त्यांच्या घरी गेले, चहा मिळाला, उत्तर तेच. शाळेच्या ग्राउंडवर परीक्षेपर्यंत येऊ दे, एवढं मात्र कबूल करून घेतलं.

पंधरा दिवसांनी ती आली. मी दोन बाजू पाडल्या आणि खेळ सुरू केला. समोरच्यांनी बास्केट केली. तिने बॉल उचलला, मागच्या रेषेबाहेर गेली. समोर एक नववीतली पोरगी हात पसरून उभी राहिली. उजवीकडे सगळी रेषा मोकळी. मी ओरडले, "पळ ना वं!"

ती हलली नाही. दोन्ही पाय जोडून, रेषेपासून हातभर मागे, खिळल्यासारखी उभी. मी मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. तीन. विभागावरच्या कोणत्याही मुलीला मागे टाकेल असे ते पाय, आणि ती त्यांना जागेवर धरून होती.

चार.

ती मैत्रिणींकडे बघत नव्हती, बॉलकडेही नाही. माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत होती.

मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. तोवर पाच झाले होते.