विषय काय, वहिनी?

यमदूत दाराशी उभा राहिला तरी आमचे वरचे भाऊजी त्याला आत घेण्याआधी विचारतील, "विषय काय?" आणि त्यानं दोन कामं सांगितली तर म्हणतील, "एका खेपेला एकच. दुसऱ्यासाठी पुन्हा या." भोपाळात माझा जन्म गेला, नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण कॉम्प्युटरच्या शिस्तीनं संसार करणारा माणूस हा एकच.

भाऊजी म्हणजे माझे दीर नव्हेत. अयोध्या नगरातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते राहायचे. आमचे हे होते तेव्हा दोघं गोविंदपुऱ्यातल्या एकाच कारखान्यात होते. हे यंत्रावर, भाऊजी खरेदी खात्यात. म्हणून ते मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भाऊजी. निवृत्त झाल्यावर लोक देवाचं करतात, नाहीतर गुडघ्यांचं करतात. भाऊजींनी ईमेलचं व्रत घेतलं. सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला, अशी दोनदाच पेटी उघडायची आणि रिकामी करूनच उठायचं. मेल आली की टिंग वाजतं ना, ते त्यांनी बंद करून टाकलं होतं. "वहिनी, टिंग वाजलं की धावायचं, तर आपण मालक की चपराशी?" प्रत्येक मेल एकदाच हातात घ्यायची. उत्तर द्या, जागेवर ठेवा, नाहीतर फेका. उघडून, वाचून परत तिथंच ठेवणं म्हणजे त्यांच्या मते उष्टं ताट फडताळात ठेवणं. दोन मिनिटांत होणारं काम लगेच उरकायचं. रागाचं उत्तर मात्र दह्यासारखं रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी फार आंबट लागलं तर ओतून द्यायचं. माऊसला तर ते शक्यतो हातच लावत नसत. सगळं बोटांनी, बटणांवर. माऊस वापरणं म्हणजे शेजारच्या घरी रिक्षा करून जाणं, असं ते म्हणत.

हे सगळं कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण व्रत खाली उतरलं आणि दारापर्यंत आलं. दूधवाल्याला त्यांनी ताकीद दिली, "एक बार में एक ही बात बोलो." तो बिचारा म्हणाला, "साब, दूध ले लो और कल मैं नहीं आऊँगा, ये एक हुई कि दो?" भाऊजी म्हणाले, "दो." तेव्हा तो दूध देऊन जिना उतरला, पुन्हा चढला आणि उद्याची सुट्टी सांगून गेला. खाली येऊन मला म्हणतो, "अम्मा, ऊपरवाले साब को कुछ हुआ है क्या?" मी म्हटलं, "हाँ. कंप्यूटर हुआ है." एकदा होळीला मी गरम पुरणपोळी घेऊन वर गेले, तर बंद दारातून आवाज आला, "वहिनी, संध्याकाळी!" दुपारी ते दार उघडत नसत. कामाची लय तुटते म्हणे. कसली लय, घोरणं बाहेर ऐकू येत होतं. संध्याकाळी खाली येऊन विचारतात, "ते दुपारचं प्रलंबित आहे ना?" मी म्हटलं, "निकालात काढलं. मीच खाल्ली."

आमच्या कॉलनीची एक सामायिक मेल आहे. टाकी धुणार, पाणी येणार नाही, असं त्यात कळवतात. तर प्रत्येक जण 'ठीक है' असं सगळ्यांना पाठवायचा. भाऊजींनी एकदा सगळ्यांना लिहिलं की कृपया सगळ्यांना उत्तर देऊ नका. त्यावर सगळ्यांनी सगळ्यांना 'सॉरी सर' लिहिलं. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत.

आता माझा संबंध सांगते. माझी थोरली बहीण अमरावतीला असते. आम्ही दोघी चौथीपर्यंत शिकलो, तेही एकाच पाटीवर. ताईला अलीकडे ऐकू येत नाही. कानातलं यंत्र आहे, पण ते झिजेल म्हणून ती डबीत ठेवते. फोनवर मी माझं बोलायची, ती तिचं बोलायची आणि दोघी दमून फोन ठेवायचो. मोबाइलवरची अक्षरं तिला दिसत नाहीत. म्हणून भाच्यानं तिला मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणून दिला, अक्षरं बत्ताशाएवढी करून. माझ्याकडे मुलाचा जुना कॉम्प्युटर क्रोशाच्या रुमालाखाली पडलेला होता. भाऊजींनी रुमाल काढला, बटणांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवले आणि मला शिकवायला बसले. मी पहिल्याच दिवशी 'ती. ताईस शि. सा. न. वि. वि.' अशी सुरुवात केली, तर म्हणाले, "वहिनी, मुद्द्यापर्यंत पोचायच्या आधीच पेट्रोल संपेल." सगळं पुसलं. वर रकान्यात विषय, खाली मुद्दे, संपलं.

ताई मात्र असलं काही जुमानायची नाही. ती बसली की मांजरीच्या बाळंतपणापासून सुरू करायची आणि भिंतीच्या ओलीपर्यंत यायची. तिच्या लिहिण्यात डोकं-शेपूट नसायचं, पण वाचताना ती समोर बसून शेंगा सोलतेय असं वाटायचं. एकदा तिनं असंच लांबलचक लिहिलं आणि मधेच कुठंतरी होतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंय, मला फार भीती वाटते गं. हे मला चार दिवसांनी सापडलं, कारण माझी पेटी साड्यांच्या सेलनं आणि मला बक्षीस लागल्याच्या बातम्यांनी भरलेली होती. मी भाऊजींना बोलावलं. त्यांनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं. विषय: डोळा. मुद्दा एक, करून घे. मुद्दा दोन, घाबरू नकोस. मुद्दा तीन, लोणचं पोचलं. मग जाहिरातवाल्यांची नावं एकेक करून कटवली आणि म्हणाले, "आता तुम्हाला एक नियम लावून देतो. ज्या मेलला विषय नाही, ती आपोआप 'नंतर' नावाच्या कप्प्यात जाईल. तो कप्पा महिन्यानं स्वतःच रिकामा होतो. तुम्हाला काही बघायला नको." मी म्हटलं, बरं. पेटी आरशासारखी लख्ख झाली.

आणि ताईचं लिहिणं थांबलं.

मी रोज दोनदा उघडायची, नियमानं. लख्ख. मला वाटलं, तीन मुद्द्यांनी रुसली. रुसू दे म्हटलं, मीही तिचीच बहीण आहे. पण डोळ्याचं काय झालं ते कळेना, आणि आपणहून विचारायला माझी मान वाकेना. असा महिना उलटून गेला. शेवटी भाच्याचाच फोन आला. "मावशी, आईचं ऑपरेशन झालं, पट्टीसुद्धा निघाली. ती रोज तुला लिहितेय आणि तू एक ओळ पाठवली नाहीस. काल म्हणाली, आता तिला कळवू नकोस, तिला माझी अडचण होते."

राग मुरू द्यायला मी थांबले नाही. दुपारचीच वर गेले आणि दार असं ठोकलं की भाऊजींना लय सोडून उठावंच लागलं. "विषय काय, वहिनी?" "विषय माझी बहीण!" म्हटलं. ते तसेच बनियनवर खाली आले आणि 'नंतर'चा कप्पा उघडला. त्यात ओळीनं ताई. एकाही मेलला विषय नाही. सगळ्यांत जुन्या, भीतीच्या दिवसांतल्या आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या, महिना उलटून नाहीशा झालेल्या. भाऊजींनी इकडची तिकडची बटणं दाबली. मग चक्क माऊस धरला. काही परत आलं नाही. उरलेल्यांपैकी एकीत ताईनं लिहिलं होतं, "पोरगा सांगतो वर विषय लिही. आपल्या बहिणीला लिहायला विषय कशाला लागतो?"

भाऊजी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. मग त्यांनी नियमात ताईचं नाव घातलं, हिला विषय माफ. मी ताईला लिहायला बसले तर मुद्दे सुचवायला तोंड उघडलं नाही त्यांनी. मी मांजरीपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "गेलं तर गेलं, पुन्हा लिहिते. नाहीतरी तेच लिहिणार होते." आणि खरंच सगळं पुन्हा लिहिलं. ऑपरेशन पहिल्यापेक्षा भयंकर झालं असणार, कारण कप्प्यात उरलेल्या मेलमध्ये डॉक्टर एकच होता, यात दोन झाले होते.

यंदा भाऊजी मुलाकडे बंगळूरला गेले. गुडघे जिना चढेनात. जाताना माझा कॉम्प्युटर तपासून गेले, रुमाल पुन्हा घालू नका म्हणाले. वरचं दार बंद आहे. दूधवाला दोन्ही गोष्टी एकदम सांगतो आता, मला ते जरा घाईचं वाटतं.

परवा त्यांची मेल आली. विषयाचा रकाना रिकामा. "वहिनी, इथे सगळं छान आहे. टिंग वाजतं ते लिफ्टचं. सगळे दिवसभर कामात असतात. मी खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो की सून फार नम्रपणे विचारते, बाबा, काही काम होतं का? काम नसतं. मग मी पाणी मागतो. फार पाणी प्यायलं जातं. बाकी विषय सुचला नाही म्हणून लिहिला नाही."

मेल वाचल्यावर माझ्या डोक्यात आलं, विषय नसताना ही 'नंतर'मध्ये कशी गेली नाही? नियम उघडून बघितला. ताईच्या नावाखाली भाऊजींनी जाताना स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं.

दोन मिनिटांचं काम, लगेच उरकलं. त्यांच्या नियमात माझं नाव आहे की नाही कोण जाणे, म्हणून विषय लिहिला: पुरणपोळी. आणि खाली एकच मुद्दा. या. दुपारी आलात तरी दार उघडेन.