अक्काचं घर

अमळनेरच्या आमच्या गल्लीतली निम्मी घरं मी कॉलेजात असताना, ऐंशीच्या दशकात, कुलपात गेली. तेलाच्या कारखान्यातलं काम आटलं, माणसं सुरतेला गेली आणि त्यांच्या किल्ल्या आमच्या खुंटीवर आल्या. घरं सगळी मातीच्या धाब्याची, सपाट छपराची, भिंतीला भिंत लागून. शेजारच्या धाब्यावर पावसाळ्याआधी खारी माती पडली नाही, तर ओल आपल्या घरात. म्हणून वडिलांनी बंद घरांची डागडुजी हाती घेतली आणि राबायला मला धरलं.

पुढे मालकांना पत्रं घालून आम्ही भाडेकरू बसवले. एक एसटीचा कंडक्टर, एक नर्सबाई, कॉलेजातली पोरं. ओट्या-ओट्यावरून पुन्हा भांडणं ऐकू यायला लागली. काय बरं वाटायचं तेव्हा!

एकच घर मी कुणाला देऊ दिलं नाही, अक्काचं. अक्का शेजारची, माझ्याहून मोठी. तिला भाऊ नव्हता, राखी मलाच बांधायची. तिचं लग्न होऊन ती दोंडाईच्याला गेली, मग तिचे आईवडील सुरतेला एका खोलीत जाऊन राहिले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. अक्का आली तर तिला तिचंच घर मिळावं, एवढाच माझा हट्ट. तीन वर्षं मी ते सारवलं, चुना दिला, आखाजीला ओट्यावरच्या सऱ्याला, आडव्या तुळईला, झोक्याचा नवा दोर बांधला. तिन्ही वर्षं तो कुणी न झुलताच सोडून ठेवला. सासरी रमली, गल्लीला विसरली, असं आईजवळ रागानं बोललोही.

"घरले उधई लागनी शे," वडील शेवटी म्हणाले. "आते दी टाक कोनाले तरी."

एका मास्तरांच्या कुटुंबाला दिलं. आणि त्याच उन्हाळ्यात अक्का सासरच्यांबरोबर गल्लीतल्या एका लग्नाला आली. आपल्या दारात दुसऱ्यांच्या चपला बघून थबकली. माझा राग अजून गेला नव्हता.

"तुन्हासाठे तीन आखाजी झोका बांधा. तू उनीच नही!"

ती माझ्याकडे वळली. "पन ल्हेवाले कोन उना, भाऊ?"

आखाजीला लेक आपली आपण माहेरी येत नाही. भाऊ मुराळी होऊन तिला आणायला जातो. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तीन वर्षं ती पिशवी भरून बसली होती. अमळनेर ते दोंडाईचा, एका पॅसेंजर गाडीचा रस्ता. मी गाडाभर माती आणली, पण एक तिकीट काढलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या आखाजीला मी गेलो, तिला घेऊन आलो. आमच्या घरी उतरवलं, दुसरीकडे कुठे उतरवणार? शेजारी तिच्या सऱ्याला मास्तरांच्या मुलीचा झोका होता. अक्का आमच्या ओट्यावरून बघत होती.

"काकू, तुम्ही कुणाकडे पाहुण्या आलात?" मुलीनं झोक्यावरूनच विचारलं.

"शेजारी," अक्का म्हणाली.