धरण्यापुरता समुद्र

आमच्या कारखान्यात देश एकोणीस तुकड्यांचा आहे. लाकडी, रंगवलेला, निळ्या पाटीत बसवलेला. शाळेतल्या मुलांनी एकेक राज्य उचलायचं, उलटं करून मागची माहिती वाचायची आणि परत जागच्या जागी बसवायचं, अशी अपेक्षा असते. कारखाना म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत करवत, दुसरीत रंग, आणि जिन्याच्या वळणावर टेबल टाकून बसलेली मी. राज्यांचा इतिहास-भूगोल सहा ओळींच्या चिठ्ठीत कोंबायचं काम माझं. स्थापना, राजधानी, नद्या, पिकं, भांडणं. भांडणांना जागा नेहमी कमी पडते.

करवतीवर माझी काकू बसते. काका याच कारखान्यात रंगकाम करायचे, त्यांनीच तिला इथे आणलं. ते गेले, काकू राहिली. एकतीस वर्षं झाली. तोंडाला फडका, कानात कापूस, आणि पुढ्यात केसासारखं बारीक पातं खालीवर होत असतं. तिचा एक नियम आहे. नकाशावरच्या सीमेला जाडी नसते, पात्याला असते. त्यामुळे दोन राज्यं वेगळी करताना मधली थोडी जमीन भुसा होऊन खाली पडणारच. ती कुणाची पडू द्यायची? काकू म्हणते, मोठ्याची. त्याला कळणारही नाही. संध्याकाळी ती केर काढायला लागली की रंगवाले हमखास विचारतात, "काय काकू, आज किती गावं झाडून काढलीत?"

राज्यांना आम्ही आकारावरून नावं ठेवली आहेत. एक पपई, एक बूट, एक वाकडा चमचा. आणि थोरलं-धाकटं. थोरलं तळहाताएवढं, आणि त्याच्या कुशीत, समुद्राला पाठ टेकून, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं धाकटं. दोन नद्या, मिठागरं, एक दीपगृह आणि हट्टी माणसं. थोरल्याने त्यांना तीनदा बोलावलं, 'या आमच्यात', तिन्हीदा ते नाही म्हणाले. चौथ्यांदा कुणी विचारलंच नाही, सरळ सामील करून टाकलं. अकरा वर्षं अर्ज-विनंत्या करून नाकी नऊ आल्यावर ते पुन्हा सुटले. हा सगळा मजकूर मी नखावर कुठे लिहिणार? त्याच्या पाठीवर फक्त नाव आणि साल असायचं. मला त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. एक चिठ्ठी कमी लिहायची.

तर हे धाकटं सारखं हरवायचं. शाळांची पत्रं यायची, 'तुकडा गहाळ, कृपया दुसरा पाठवावा.' काकू उरल्यासुरल्या लाकडातून डझनभर धाकटी कापून डबीत तयार ठेवायची. हे असंच चाललं असतं, पण कुठल्याशा शाळेत एका पोराने धाकटं नाकात घातलं. डॉक्टरांनी ते काढलं, पोरगं ठणठणीत, पण शिक्षण खातं हादरलं. परिपत्रक आलं: लहान मुलाच्या तोंडात मावेल असा कोणताही भाग संचात नसावा.

मालक ते परिपत्रक घेऊन करवतीपाशी आले. माणूस चांगला, फक्त घाईचा. "काकू, पुढच्या आवृत्तीत अठराच तुकडे," ते म्हणाले. "धाकटं थोरल्यातच ठेवायचं. नुसता रंग वेगळा देऊ. तुमचंही काम वाचलं."

काकूने मोटर बंद केली. "तो फर्मा मी नाही कापणार."

फर्मा म्हणजे पहिला नमुना; त्याच्यावरूनच पुढचे सगळे संच कापतात. एकतीस वर्षांत तिने कुठल्याच कामाला नाही म्हटलं नव्हतं.

"का हो?" मालकांनी विचारलं.

"मी तिथली आहे."

मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले. आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक होतं की काकूचं माहेर थोरल्यात. मालकांनी तर कामगारांची वही काढून तिच्यासमोर धरली. "हे बघा, तुमच्याच कागदावरून उतरवलंय. जन्मस्थळ, थोरलं."

"मी जन्मले तेव्हा धाकटं होतंच कुठे?" काकू म्हणाली. "त्या अकरा वर्षांतली मी. सात वर्षांची होते तेव्हा सुटलं. शाळेतल्या बाईंनी भिंतीवरच्या नकाशात खडूने गोल काढला आणि म्हणाल्या, आता हे आपलं. पण जन्माचा कागद कोण बदलून देतंय?"

मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. ती एकोणीस वर्षांची असताना मिठागरं बंद पडली, आईवडील पोटासाठी थोरल्यात आले, लग्न तिथूनच झालं. आम्ही वऱ्हाड घेऊन तिथे गेलो, तिथूनच तिला आणली आणि 'थोरल्याकडची' असा शिक्का मारून मोकळे झालो.

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"सांगायचे की सुरुवातीला. लोक म्हणायचे, म्हणजे थोरल्यातच ना? हो म्हटलं की विषय संपायचा. मग मीच आधी हो म्हणायला लागले." तिने टेबलावरचा भुसा हाताने बाजूला केला. "तोंडाने म्हटलं ते म्हटलं. आता माझ्या हाताने लाकडातही तेच म्हणायचं का?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. राज्याराज्यांची साल-वार कुंडली मांडणारी मी, आणि माझ्या सख्ख्या काकूची मला दोन ओळींची माहिती नव्हती.

मालकांनी लगेच तोड काढली. "मग असं करा, धाकटं तिप्पट मोठं कापा. थोडी जमीन थोरल्याची घ्या. कोण मोजायला बसलंय?"

"दुसऱ्याची जमीन नको," काकू म्हणाली. "आणि मोजतात. मोजणी कार्यालयातले साहेब भिंग घेऊनच बसलेले असतात."

"शनिवारी नमुना तिथे मंजुरीला जायलाच हवा. तोवर तुम्हाला काही सुचलं तर ठीक. नाहीतर मी दुसऱ्याकडून अठराचा फर्मा कापून घेईन, काकू. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात," ती म्हणाली आणि पुन्हा मोटर चालू केली. त्या दिवशी तिने दोन पाती मोडली.

बुधवारी तिने मला बरोबर घेतलं आणि जवळच्या शाळेत गेली. हा तुकडा नक्की हरवतो तरी कसा, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तिसरीच्या वर्गात आमचाच जुना संच होता, कडा गुळगुळीत झालेला. धाकट्याच्या जागी भोक. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "नाही हो, हरवलाय कुठे? हरवू नये म्हणून मीच जपून ठेवलाय." आणि त्यांनी कपाटातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढून दाखवली. आत कापसावर धाकटं. गेली चार वर्षं तिथेच होतं.

काकूने त्या भोकावर बोट ठेवून पुढच्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "इथे काय आहे गं?"

मुलीने जरा विचार केला. "तळं."

"तळं नाही, ते पाटीचं लाकूड दिसतंय," शेजारचा शहाणा म्हणाला. "तिथे काहीच नाहीये."

वर्ग हसला. काकूही हसली, पण तिचं बोट काही तिथून हलेना. मग तिने डबीतलं धाकटं घेऊन जागेवर बसवलं आणि त्या मुलीला म्हणाली, "आता काढून दाखव बरं." मुलीने नखांनी प्रयत्न केला. निघेना. तिने सरळ पाटीच उचलून उलटी केली, पपई, बूट, चमचा, सगळा देश खडखड करत बाकावर पडला आणि वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. पाटीत निळा रंग तेवढा राहिला. काकू त्याच्याकडे बघत बसली. शिक्षिका बिचाऱ्या ओशाळून राज्यं गोळा करत होत्या.

परत येताना सायकलच्या दुकानापाशी ती थांबली. "समुद्र आपण पाटीलाच का रंगवतो गं?"

"मग कुठे रंगवायचा?"

"पात्याखाली कधी आलाच नाही तो," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली. मला काही उमगलं नाही.

गुरुवारी सकाळी मी आले तर तिचा फर्मा कापून झाला होता. तुकडे एकोणीसच होते. धाकट्याची जमीन होती तेवढीच, नखाएवढी, एक केससुद्धा इकडचा तिकडे नाही. पण त्याला किनाऱ्यावरून सोडवलं नव्हतं. त्याच्या पुढचा समुद्र, चांगला वाटीच्या तोंडाएवढा, त्याच्याच अंगाला ठेवून कापला होता. निळ्या फाकेच्या टोकाला हिरवा ठिपका. मी तो उचलला. पुरा मुठीत बसला. तोंडात घालायचा म्हटलं तर हत्तीचं तोंड हवं.

"घ्या," काकू मालकांना म्हणाली. "कुणाची जमीन घेतली नाही."

मालकांनी तो तुकडा तीनदा काढला, तीनदा बसवला. मग त्यांना चिंता लागली. "उद्या बाकीचे किनाऱ्यावालेही समुद्र मागतील."

"मागू द्या. कापून देईन."

शनिवारी आम्ही तिघंही मोजणी कार्यालयात गेलो. साहेबांनी भिंग लावून अठरा राज्यं तपासली, प्रत्येकावर बारीकशी खूण केली. एकोणिसावं हातात घेऊन ते उलटंसुलटं करून बघत बसले. "समुद्र कुठल्याही राज्याचा नसतो," ते शेवटी म्हणाले. "तो सबंध देशाचा असतो. हा तुम्ही या राज्याला कोणत्या अधिकाराने दिला?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकूकडे. काकूचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. साहेबांनी नाही म्हटलं असतं तर दुपारपर्यंत अठराचा फर्मा तयार झाला असता, हे तिघांनाही माहीत होतं.

"दिला नाही, साहेब," काकू म्हणाली. "धरायला ठेवलाय. एवढंसं राज्य पोरांच्या बोटांना सापडत नाही. सापडलं नाही की ती म्हणतात, तिथे काही नाहीच."

साहेबांनी तुकडा पाटीत बसवला. निळ्या टोकाला धरून उचलला. पुन्हा बसवला. मला वाटतं त्यांना तो खेळ आवडला, पण चेहरा मोजणी कार्यालयाचा होता. किनारा काळ्या रेघेने ठळक करायची अट घालून त्यांनी मंजुरीच्या कागदावर शेरा मारला: 'समुद्राचा भाग केवळ धरण्यापुरता.' खाली सही, शिक्का. बाहेर पडल्यावर मालकांनी तो शेरा रस्त्यात दोनदा मोठ्याने वाचला आणि पोट धरून हसले. काकूला हसता येईना. जिन्यात बसून तिने पदराने डोळे पुसले आणि मग म्हणाली, "चला, चहा कोण पाजतंय?"

सोमवारी चिठ्ठीची वेळ आली. समुद्राच्या पाठीवर आता सहा ओळींची ऐसपैस जागा होती. मी काकूला स्टुलावर बसवलं आणि एकेक ओळ वाचून दाखवत गेले. स्थापनेचं साल आणि राजधानी. दोन नद्या. मीठ, आता बंद. दीपगृह, अजून चालू. पाचव्या ओळीत अकरा वर्षांची ती हकिगत; मला वाटलं ती खोडायला सांगेल, पण ती म्हणाली, "राहू दे. घडलं ते घडलं."

"सहावी ओळ?" मी विचारलं. "पिकं लिहू? लोकसंख्या?"

जेवणाच्या सुट्टीभर तिने विचार केला. डबा धुऊन आली आणि म्हणाली, "कसं जायचं ते लिही. एखाद्या पोराला वाटलंच जावंसं, तर?"

एवढ्या वर्षांत मी एकाही राज्याला कसं जायचं ते लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. "काकू, तू शेवटची कधी गेली होतीस गं तिकडे?"

"एकोणिसाव्या वर्षी निघाले, तीच." ती सहज बोलली, जसं काही दुसऱ्या कुणाबद्दल. "तुझे काका म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. आणि मग तिकडे कोणी उरलं नाही, तर कशाला जायचं, असं सगळ्यांनी ठरवलंच होतं की."

सगळ्यांनी म्हणजे आम्हीच. त्यात मीही आले. मी पेन उघडलं आणि म्हटलं, "जुनी वाट लिहून चालणार नाही हं. आता गाड्या बदलल्या असतील. मी चौकशी करून येते."

"कशाला?" काकू म्हणाली. "सकाळी सहा चाळीसची गाडी, फलाट तीन. जंक्शनला पावणेबाराला पोहोचते, पण हल्ली वीस मिनिटं उशीर होतो. तिथून एक दहाची. रविवारी ती नसते. या महिन्यापासून शेवटचा डबा आरक्षणाचा केलाय."